थर्लो वकिलांच्या दिवाणखान्यातलं तोरण

१

लेकीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी अ‍ॅबनर थर्लो वकील कॉफीचा पेला घेऊन दिवाणखान्यात आले आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थबकले.

काचेची खोल चौकट खिळ्यावर नीट टांगलेली होती. आतली काळी मखमलही होती. मखमलीवरचं तोरण मात्र गायब!

"थर्झा! केझाया!" वकील ओरडले. ज्यूरीतला एखादा पेंगायला लागला की ते जो आवाज लावत, तोच आवाज. "घरात चोरी झालीय, चोरी!"

आता हे तोरण काही सोन्यामोत्याचं नव्हतं. केसांचं होतं. वॉलनट फोर्ड गावातल्या बऱ्याच घरांत अशी तोरणं होती. घरातलं माणूस गेलं की त्याची बट कापून ठेवायची, बारीक तारेवर गुंफून तिचं फूल करायचं आणि घोड्याच्या नालासारख्या त्या तोरणात बसवायचं. थर्लो घराण्याचा सगळा इतिहास त्यात होता. व्हरमाँटहून बैलगाडीने इलिनॉयला आलेले आजोबा हेझेकाया, त्यांच्या पांढऱ्या दाढीची डेझी होती. ज्यांनी पोराला गिरणीत दळता दळता कायद्याचं पुस्तक वाचू दिलं, त्या वडिलांच्या करड्या केसांची पानं होती. आणि काका ज्यूबल, ज्यांनी एकदा उसना घेतलेला घोडा परत न करता थेट मिसुरी गाठलं, तेसुद्धा एका कोपऱ्यात लालभडक कळी होऊन बसले होते. घरचं माणूस ते घरचंच, असं वकिलांचं म्हणणं.

तोरणाची मधली जागा सगळ्यांत शेवटी गेलेल्या माणसाची असायची. पुढचं कुणी गेलं की आधीच्याने बाजूला सरकायचं. पण लव्हिनिया गेल्यापासून थर्लोंच्या घरी कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मधोमध तीच होती. वकिलांची बायको. तपकिरी केसांचं टपोरं फूल.

लव्हिनिया तापाने गेली तेव्हा थर्झा तीन वर्षांची होती. आता ती बाविशीची झाली, पण वकिलांचा नेम चुकला नव्हता. रोज निजायच्या आधी ते तोरणासमोर उभे राहायचे, कोर्टात कुणाची कशी जिरवली ते बायकोला सांगायचे आणि "झोपतो गं" म्हणून जिना चढायचे. उद्या थर्झा सासरी जाणार. परवा केझाया, म्हणजे लव्हिनियाची धाकटी बहीण, जिने थर्झाला लहानाची मोठी केली, तीही आयोवाला भावाकडे जाणार. तिची पेटी पट्टा आवळून स्वयंपाकघरात तयारच होती. मागे उरणार वकील आणि ते तोरण. एवढ्या मोठ्या घरात बोलायला तेवढंच माणूस होतं, आणि तेच कुणीतरी उचललं होतं.

"बाबा, आज डॉर्कसबाई येतायत हो!" थर्झा रडकुंडीला आली. "माझ्या ब्रोचचं काय आता?"

डॉर्कस विंग ही जुनी शेजारीण. लव्हिनियाच्या आजारपणात केझायाच्या बरोबरीने राबली होती, शेवटची अंघोळही तिनेच घातली होती, आणि नंतर लगेच पिओरियाला मुलाकडे राहायला गेली, ती आज दुपारच्या गाडीने पहिल्यांदाच परत येत होती. केसांच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मधल्या फुलाची एक पाकळी सोडवून ती थर्झाला ब्रोच करून देणार होती. लग्नात आई छातीशी असावी, एवढीच पोरीची हौस.

"हे तू सगळ्यांना कधी सांगितलंस?" वकिलांनी विचारलं.

"काल रात्री, जेवताना. तुम्ही तिथेच होतात की! रश्शाच्या भांड्यात डोकं घालून बसला होतात."

वकिलांनी चष्मा चढवला, चौकट उतरवली आणि उलटी केली. मागच्या फळीचे बारीक खिळे काढून पुन्हा आपापल्या भोकात बसवलेले होते. एकही वाकडा नव्हता. मग त्यांनी काच उजेडात धरली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"थर्झा, असा चोर मी अख्ख्या वकिलीत पाहिला नाही."

"का? काय झालं?"

"अगं, जाताना काच पुसून गेलाय!"

२

काल रात्री जेवायला घरच्यांखेरीज तिघं होती. नवरामुलगा एव्हरेट, त्याची आई प्रुइटबाई आणि स्प्रॅग वकील. एव्हरेट सगळा वेळ थर्झाकडे बघत बसला होता. त्याच्या नाकाखालून कुणी चूल उचलून नेली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. त्याला वकिलांनी तिथेच सोडून दिलं.

प्रुइटबाईंची गोष्ट वेगळी. जेवणानंतर त्या एकट्याच बराच वेळ दिवाणखान्यात होत्या.

"होते," बाई ताठ मानेने म्हणाल्या. वकिलांना त्यांनी खुर्ची दिली, पण केक दिला नाही. "आणि का होते तेही सांगते. उद्या माझे नातेवाईक येतायत, त्यात दोन पाद्री आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा तो घोडेचोर काका टांगलेला मला चालणार नव्हता."

"चोर नव्हे बाई. परत करायचं राहून गेलं."

"मिसुरीत?"

वकिलांनी खोकून विषय बदलला. "म्हणून तुम्ही तोरण काढलंत?"

"मी? खिळे उपटत बसू?" बाईंनी हातातल्या अंगठ्या दाखवल्या. "माझी शाल वरून टाकावी म्हणून उभी होते. पण काचेवर एवढी धूळ, की माझी नवी शाल खराब झाली असती. रागावू नका, पण बोट फिरवलं तर रेघ उमटली. तुमची मेहुणी घर एवढं आरशासारखं ठेवते, आणि नेमकी तीच काच कशी काय विसरते, मला नवल वाटलं."

नवल त्यांनाही वाटलं. केझायाच्या हातून खुर्चीचा पायसुद्धा पुसायचा राहत नसे. तिने त्या चौकटीला एवढी वर्षं हात का लावला नव्हता?

"एक मात्र खरं," बाई जरा नरमल्या. "मधलं फूल बघत राहावं असं आहे. एकेक केस कमरेएवढा लांब असल्याशिवाय एवढे वेढे बसत नाहीत. नशीबवान होतात हो तुम्ही."

या शेवटच्या वाक्यासरशी केक आला. वकिलांनी दोन तुकडे खाल्ले आणि प्रुइटबाईंना मनातल्या मनात निर्दोष सोडून दिलं.

३

उरले स्प्रॅग वकील. त्यांचं ऑफिस कोर्टाच्या चौकात, थर्लोंच्या बरोबर समोर. तरुणपणी दोघं फिरत्या कोर्टाबरोबर हिंडले होते. न्यायाधीश पुढे, वकील मागे, घोड्यावरून गावोगाव. दिवसा एकमेकांवर तुटून पडायचं आणि रात्री खानावळीत एकाच खाटेवर झोपायचं. एका डुकराच्या खटल्यापासून त्यांचं भांडण होतं ते अजून मिटलं नव्हतं, आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

शिवाय स्प्रॅगनी कधीकाळी लव्हिनियाला मागणी घातली होती. तिने हसून नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी लग्न केलंच नाही.

"ये, ये. संशयित हजर आहे," स्प्रॅग टेबलावरचे पाय खाली न घेता म्हणाले. "सगळ्या गावात बोंब झालीय. आता माझी झडती घे."

"स्प्रॅग, खरं सांग. तिची आठवण म्हणून तू—"

"अरे हट्! तिचे केस तिच्या डोक्यावर वाऱ्याने उडताना पाहिलेत मी. तारेत गुंफलेले घेऊन काय करू?" मग त्यांनी पाय खाली घेतले आणि आवाजही उतरला. "अ‍ॅबनर, तू घरी परतलास तो दिवस तुला आठवतो का रे?"

आठवत नसेल कसा? नदीला पूर आला होता. लव्हिनियाला ताप आल्याचा निरोप लांबच्या गावी उशिरा पोचला. दोघांनी घोडे मरेस्तोवर पिटाळले होते. पोचले तेव्हा तिला पुरूनही झालं होतं.

"मला फारसं काही आठवत नाही," वकील म्हणाले. "चिखल आठवतो."

"मला आठवतं. दारात ती धाकटी उभी होती. केझाया. रडून डोळे सुजलेले, पाठीवर कमरेपर्यंत वेणी. मी तरणाताठा गडी, दुःखातसुद्धा नजर जायची तिथे गेलीच. आणि तू घोड्यावरून उतरलास, पोरीची चौकशी नाही की काही नाही, आणि एकच विचारलंस, 'तिचे केस ठेवलेत ना गं?'"

"हो. मग? ती ठेवलेत म्हणाली."

"म्हणाली. पण कशी म्हणाली? 'ठेवलेत, उद्या देते.'" स्प्रॅग पुढे वाकले. "मीही वकील आहे, बाबा. इतकी वर्षं तो शब्द माझ्या डोक्यात वळवळतोय. केस ठेवलेले होते, तर उद्या कशाला?"

४

वकील कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे "अभिनंदन!" म्हणत होते आणि ते मान हलवत होते.

दुसऱ्या सकाळी केझायाने रुमालात गुंडाळलेला तपकिरी केसांचा जाड पेड आणून दिला होता, ते त्यांना आता स्वच्छ आठवलं. आणि तिच्या डोक्यावर टोपी होती. गच्च, कानांवरून हनुवटीखाली बांधलेली. तेव्हापासून तिचं डोकं उघडं कधी दिसलंच नव्हतं. तेविशीतल्या पोरीने म्हातारीसारखी टोपी घातली, आणि सगळ्या गावाने मान्य केलं की बहिणीचं दुःख आहे. त्यांनीही केलं.

मग त्यांना कालचं जेवण आठवलं. थर्झा एव्हरेटला सांगत होती, "आई म्हटलं की मला एकच आठवतं. ती पलंगावर आहे आणि तिच्याजवळ कोकरू आहे. ती माझा हात धरून कोकरावरून फिरवते. इतकं मऊ, आणि थोडं टोचणारं. आणि गरम!"

वकील तेव्हा खो खो हसले होते. "अगं, आपल्याकडे डुकरं होती, गाय होती. मेंढरं कधीच नव्हती!" आणि केझाया रस्सा आणते म्हणून उठून आत गेली होती. रश्शाचं भांडं तर त्यांच्याच पुढ्यात होतं.

कोकरू नव्हतंच. विषमज्वर झालेल्या माणसाचे केस डॉक्टर आधी उतरवतात आणि जाळून टाकतात. तापातून उठलेली माणसं टोपी घालून हिंडताना त्यांनी शंभरदा पाहिली होती. मरणाच्या दारातल्या आईने लेकीचा हात धरून आपल्याच भादरलेल्या डोक्यावरून फिरवला होता आणि पोरीला हसवायला सांगितलं होतं, बघ, कोकरू!

वकिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भर चौकात, दिवसाढवळ्या. त्यांनी ते पुसलंही नाही.

मग पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं ते रोज ज्या केसांशी बोलत आले, ते लव्हिनियाचे नव्हतेच! आजारपणातलं काय काय, एकटेपणातलं काय काय सांगितलं होतं त्यांनी. आणि ते सगळं भलत्याच बाईच्या केसांना! ती बाई तर तीन हातांवर स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दार नेहमी उघडंच असायचं.

तिने सगळं ऐकलं होतं.

हे लक्षात आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. आपण एवढी वर्षं एकटे बोलत नव्हतो, कुणीतरी ऐकत होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि छाती एकदम हलकी झाली.

तेवढ्यात नदीपलीकडून दुपारच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. डॉर्कस विंग! लव्हिनियाला शेवटची अंघोळ घालणारी बाई. ते फूल बघून पहिला प्रश्न ती विचारणार, हे केस कुणाचे? वकील उठले आणि टोपी हातात धरून चक्क पळत सुटले.

५

केझाया सफरचंदाचं सारण भरून भाजायच्या 'पाय'साठी कणीक लाटत होती. पिठाचे हात, डोक्यावर तीच गच्च टोपी, बाजूला आयोवाची पेटी.

"भाऊजी, एवढे धापा टाकत कुठून आलात? बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. साक्ष हवीय." वकील दारातच उभे राहिले. "केझाया, तुझी पेटी मी उघडणार नाही, झडती घेणार नाही. मी फक्त काय झालं ते सांगतो. चुकलो तर थांबव. काल थर्झाने डॉर्कसचं नाव काढलं आणि तुझं धाबं दणाणलं. चौकट अवजड, लपवता येण्यासारखी नाही, म्हणून तू मागची फळी काढलीस. ती काढायची कशी, हे ज्याने ती ठोकली त्यालाच ठाऊक, आणि मधलं फूल गुंफून ती तूच ठोकलीयस. सगळं परत जागेवर बसवलंस, आणि हातासरशी काच पुसलीस. सवयच ती! लाटणं खाली ठेव, बाई, पोळपाट फुटेल."

केझायाने लाटणं ठेवलं.

"डॉर्कस गेली की परत लावणार होते," ती खालमानेने म्हणाली. "तोवर तुम्ही प्रुइटबाईंवर संशय घ्याल असं वाटलं."

"घेतला होता. त्यांनी केक दिला म्हणून सुटल्या." वकील जवळ आले. "लव्हिनियाचे केस डॉक्टरांनी जाळले, होय ना?"

"चुलीत. माझ्यासमोर." तिचा आवाज फुटला. "तुम्ही गुडघाभर चिखलात उभे होतात, भाऊजी. तुम्ही एकच गोष्ट मागितलीत आणि नेमकी तीच नव्हती. मला नाही म्हणवेना. आमचा दोघींचा रंग एक. रात्री कात्री घेतली आणि... एकदाच खोटं बोलले, पण ते रोज भिंतीवर लटकत राहिलं. त्या काचेला हात लावायची मला लाज वाटायची. मेलेल्यांच्या जागी स्वतःला टांगून ठेवलं मी! आणि तुम्ही रोज तिथे उभे राहून तिला सगळं सांगायचात. कान बंद करून घ्यायचे, पण ऐकू यायचंच. मला माफ करा. परवा मी जातेच आहे."

आयुष्यभर ज्यूरीसमोर बोललेला माणूस, पण आता शब्द जुळवावे लागले.

"मी सांगितलेलं लव्हिनियाला पोचलंच असणार," ते म्हणाले. "तुझ्या केसांआडून ऐकत असेल ती. आणि मधल्या जागेवर जिवंत माणूस होतं म्हणूनच कदाचित या घरात दुसरं कुणी गेलं नाही. माफी कसली मागतेस? माझं घर तुझ्या एका वेणीवर उभं राहिलं, केझाया."

दारात हुंदका ऐकू आला. थर्झा उभी होती, आणि तिच्यामागे प्रवासाची पिशवी छातीशी धरलेली डॉर्कसबाई. त्या किती वेळच्या तिथे होत्या कुणास ठाऊक.

"म्हणजे ते कोकरू..." थर्झा म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. केझायाने पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. थर्झाची पाठ पांढरी झाली.

"तिची आयडिया होती ती," डॉर्कसबाई डोळे टिपत म्हणाल्या. "पोरीला भीती वाटू नये म्हणून. हसत होती गं बया, एवढ्या तापात."

थर्झाने नाक पुसलं.

"मावशी, तोरण कुठंय?"

"टोप्यांच्या डब्यात."

"काढ. डॉर्कसबाई, ब्रोच मधल्या फुलाचाच करा."

"अगं, पण ते आईचे नाहीत!" केझाया घाबरून म्हणाली.

"मला गोवर झाला तेव्हा उशाशी कोण होतं? वेण्या कोणी घातल्या? रपाटे कोणी घातले?" थर्झाने डोळे वटारले. वकिलाचीच लेक ती. "आई माझ्या हाताला आठवते. ब्रोच मला तुझाच हवाय."

"कुणाचे का असेनात, लांब हवेत," डॉर्कसबाई म्हणाल्या. "आणि ती सफरचंदाची पाय ओव्हनमध्ये घाला आधी, मला भूक लागलीय."

६

लग्न झोकात झालं. प्रुइटबाईंच्या दोन्ही पाद्र्यांनी तोरणासमोर उभं राहून वाहवा केली, आणि त्यांतल्या थोरल्याला नेमकी लाल कळी आवडली. बाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. स्प्रॅग वकिलांनी डुकराचा खटला पुन्हा उकरून काढला, हरले, आणि खुशीत घरी गेले.

निघायच्या वेळी थर्झाच्या पेटीचा पट्टा तुटला. वकिलांनी मागचापुढचा विचार न करता केझायाच्या पेटीचा पट्टा सोडला आणि लेकीच्या पेटीला आवळला.

"अहो, मग माझी पेटी आयोवाला कशी जायची?" केझाया म्हणाली.

"तोच तर प्रश्न आहे," वकील म्हणाले. "नाहीच जायची."

आत जाऊन तिने पेटीतले कपडे खुंटीला अडकवले.

पाहुणे पांगले. ऊन कलून दिवाणखान्यात तिरपं आलं. दिवसभराच्या दगदगीने वकिलांचे डोळे आताच मिटायला लागले होते. तोरण आपल्या जागेवर होतं, मधल्या फुलाची एक पाकळी कमी, काच लख्ख. वकिलांनी तोरणाकडे बघितलं, लव्हिनियाला लेकीचं लग्न कसं झालं ते सगळं सांगितलं, पाद्र्याचं सांगताना हसले. मग ते वळले. तोरणाकडे पाठ झाली आणि तोंड स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे.

"झोपतो गं," ते म्हणाले.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. हात पुसत केझाया दारात आली. डोक्यावर टोपी नव्हती. वेणी पुन्हा कमरेपर्यंत वाढली होती, पण रुपेरी झाली होती.

"झोपा, अ‍ॅबनर," ती म्हणाली. "दार मी लावते."